तंबूतील ऊब

थंडीत तंबूत रात्र काढताना शरीराची उष्णता टिकवण्याची साधने व रीती. तंबूचे कापड वारा, पाऊस व दव अडवते. मात्र ते पातळ असल्याने आतली हवा बाहेरच्यापेक्षा सहसा थोडेच अंश उबदार राहते. उष्णतेचा उगम म्हणजे झोपलेले शरीरच. निजलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ७० ते ८० वॉट उष्णता निर्माण होते. ती जेवढ्या वेगाने निर्माण होते त्याहून अधिक वेगाने जाऊ न देणे, एवढेच काम सर्व साधने करतात.

उष्णतेचा ऱ्हास : उष्णता चार वाटांनी जाते. जमिनीला टेकलेल्या अंगातून वहनाने, वाऱ्यामुळे अभिसरणाने, थंड पृष्ठभागांकडे व निरभ्र आकाशाकडे प्रारणाने, तर घाम व श्वास यांवाटे बाष्पीभवनाने. प्रारणाचा परिणाम महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात दिसतो. हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही तेथे निरभ्र, निवांत रात्री गवतावरचे दव गोठते, कारण गवताची पाती हवेपेक्षा अधिक थंड होतात. डोक्यातून निम्मी उष्णता जाते ही समजूत चुकीची आहे. डोक्याचा वाटा त्याच्या पृष्ठफळाच्या प्रमाणातच, सुमारे दहा टक्के असतो. तरीही बाकीचे अंग झाकलेले असल्यास उघडे डोके ही मोठी फट ठरते, म्हणून कानटोपी उपयोगी पडते.

अंथरूण : पांघरुणातील पिसे वा तंतू अंगाखाली दबले की त्यांतील हवा निघून जाते व त्यांचा उष्णतारोध जवळजवळ संपतो. त्यामुळे खालची बाजू राखण्याचे काम मॅटवर येते. मॅटचा रोध ‘आर-मूल्या’ने सांगतात, तो मोजण्याची एएसटीएम एफ३३४० ही प्रमाण पद्धत २०१८ मध्ये आली. ट्रेकर ज्याला कॅरीमॅट म्हणतात त्या साध्या फोमच्या मॅटचे मूल्य २ च्या आसपास असते. बर्फावर झोपण्यासाठी ४ ते ५ किंवा अधिक लागते. एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या मूल्यांची बेरीज होते. मॅट अपुरी पडल्यास रिकामी सॅक, दोर किंवा वाळके गवत खाली घालतात.

स्लीपिंग बॅग : वेल्समधील न्यूटाउनचे व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स यांनी १८७६ मध्ये ‘युक्लिसिया रग’ या घडी घालून बंद करता येणाऱ्या, फुगवायची उशी जोडलेल्या ब्लँकेटचे पेटंट घेतले. आधुनिक स्लीपिंग बॅगचा तो एक पूर्वज मानला जातो. ध्रुवीय मोहिमांत रेनडिअरच्या कातड्याच्या पिशव्या वापरीत. नॉर्वेजियन संशोधक नान्सेन यांच्या १८८८ च्या ग्रीनलंड मोहिमेत तिघे-तिघे एका पिशवीत झोपत. आजच्या पिशव्यांत बदक वा हंसाची मऊ पिसे (डाउन) किंवा कृत्रिम तंतू भरतात. पिसे वजनाच्या मानाने सर्वांत उबदार, पण भिजली की गोळा होऊन निकामी होतात. कृत्रिम तंतू जड असले तरी ओलाव्यात बरेच तग धरतात.

पिशवीवरची तापमाने युरोपीय मानक ईएन १३५३७ (२००२) व पुढे आयएसओ २३५३७ (२०१६) यांनुसार, तापवलेल्या पुतळ्यावर चाचणी करून ठरवतात. ‘कम्फर्ट’ हा आकडा आरामात झोपण्याचा. ‘लिमिट’ला अंग आखडून, जेमतेम झोप लागते. ‘एक्स्ट्रीम’ला केवळ जीव वाचण्याची शक्यता असते. खरेदी करताना पहिलाच आकडा धरावा.

लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी धनगरांना उघड्या रानातही उपयोगी पडते ती यामुळेच. सुती कपडे मात्र ओल धरून अंग गार करतात.

ओलावा : श्वासातील बाष्प तंबूच्या आतल्या बाजूवर जमते, म्हणून थंडीतही वरची खिडकी थोडी उघडी ठेवतात. तोंड पिशवीत खुपसल्यास तेच बाष्प पिसांत मुरते. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरर्ड हे ब्रिटिश मोहिमेतील तिघे केप क्रोझियरला गेले, तेव्हा तापमान −६० °से.पर्यंत उतरले. घाम व श्वास यांच्या ओलीने त्यांच्या पिशव्या गोठून काही किलोंनी जड झाल्या होत्या.

जागा व रीत : थंड हवा जड असल्याने रात्री ती उतारावरून ओसरून दरीच्या तळाशी साचते. म्हणून तंबू नदीकाठी वा खोलगटात न लावता थोड्या उंचीवर, वाऱ्याच्या आडोशाने लावतात. निजण्यापूर्वी स्निग्ध पदार्थांसह पोटभर जेवणे, कोरडे मोजे चढवणे व थोडी हालचाल करून अंग तापवणे उपयोगी असते. दिवसभराचे घामट कपडे बदलावेत. गळती नसलेल्या घट्ट बाटलीत एक लिटर उकळते पाणी भरून, ती कापडात गुंडाळून मांड्यांत ठेवतात, ९० °से.पासून ३५ °से.पर्यंत निवताना ते सुमारे २३० किलोज्यूल उष्णता देते, म्हणजे झोपलेल्या शरीराच्या साधारण पाऊण तासाच्या उष्णतेइतकी. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात उष्णता अधिक जाते.

धोके : तंबूत शेगडी, कोळसा वा स्टोव्ह पेटवू नये. कापड पेट घेऊ शकतेच. शिवाय ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसल्याने झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. शरीराच्या आतील भागाचे तापमान ३५ °से.खाली गेल्यास अल्पतापावस्था येते. कुडकुडणे, अडखळते बोलणे, तोल जाणे व गोंधळ ही तिची लक्षणे. अंग गार असताना कुडकुडणे थांबणे हे प्रकृती अधिक ढासळल्याचे चिन्ह होय. अशा व्यक्तीचे ओले कपडे काढून, खाली जाड अंथरूण घालून तिला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे. ती शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तरच गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत, व वैद्यकीय मदत मागवावी.