धातू गेला कुठे?

नाशिकच्या सराफ बाजारात माझ्या आजोबांची पेढी होती. ती केव्हाच मिटली. माझ्याकडे राहिलं ते त्यांचं पितळी चौकटीचं भिंग, एक लहान काटा आणि चांदीच्या रुपयांची थैली. त्या थैलीतला 1840 सालचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बारा वर्षांचा होतो. राणीच्या गालावर नखाएवढा अर्धचंद्र दबलेला होता आणि मागच्या बाजूला तीन टोचे होते.

"आजोबा, हा टांकसाळीत चुकलाय का?"

"टांकसाळ नाही चुकली रे. आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी टोचून बघितलंय, आत चांदी आहे की तांब्यावर मुलामा. धातू बघ, खाली दबलाय. साच्याला तडा गेला असता तर तिथे धातू वर आला असता."

धातू गेला कुठे, हा प्रश्न मी तेव्हापासून हातात येणाऱ्या प्रत्येक नाण्याला विचारतो. टांकसाळीतली चूक आणि बाहेर झालेली इजा यांतला फरक कळायला याहून चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही.

मुळात 'चुकलेलं नाणं' ही कल्पनाच फार जुनी नाही. शिवराई घ्या. तांब्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं पुरती उमटलेली शिवराई क्वचितच मिळते. एकीवर 'श्री' कडेबाहेर गेलेला, दुसरीवर 'शिव' अर्धाच. आज अशी शिवराई 'ऑफ सेंटर एरर' म्हणून चढ्या भावाने विकायला ठेवलेली दिसते, तेव्हा मला वाईट वाटतं. ती चूक नाही. त्या काळी नाणं असंच पडायचं.

पेशवाईत टांकसाळी मक्त्याने दिल्या जात. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी रुपया, प्रत्येकाचा कस वेगळा आणि बट्टाही वेगळा. लोक बघायचे ते वजन आणि चांदी. छाप थोडा सरकला म्हणून कुणाचं काही अडत नसे. ही पारख करायची म्हणूनच सराफ होता, आणि त्याचे टोचे ही त्या पारखेची सही होती.

1835 साली कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. मुंबईच्या टांकसाळीत वाफेची यंत्रं तोवर आलेली होतीच. रुपये एकासारखे एक पडू लागले, आणि सगळी नाणी सारखी झाल्यावर वेगळं पडलेलं एखादं नाणं डोळ्यांत भरू लागलं. नाण्यातली चूक ही अशी यंत्राबरोबर जन्माला आली.

यंत्राचं काम तीन पायऱ्यांचं. धातूच्या पट्टीतून चकत्या कापायच्या, त्यांची कड दाबून उचलायची, मग चकती कड्यात बसवून वरच्या-खालच्या साच्यांत एका दाबात छाप उठवायचा. कुठल्याही पायरीवर चूक झाली तरी तिची खूण धातूत राहते, आणि ती खूण नंतर कुणाला हुबेहूब करता येत नाही.

माझ्याकडे 1992 नंतरचा स्टीलचा एक रुपया आहे. त्याची कड एका जागी चंद्रकोरीसारखी खाल्लेली आहे. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, आधीच्या भोकावर पुन्हा कातर बसली आणि चकतीचा तेवढा भाग आलाच नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्या कोरीच्या अगदी समोरची कड फिकी आहे. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. शिवाय कोरीजवळची अक्षरं कोरीकडे किंचित ओढली गेली आहेत. कानशीने घासलेल्या नाण्यात यातलं काही दिसत नाही. तिथे अक्षर सुरीने कापल्यासारखं तुटतं आणि समोरची कड ठणठणीत असते. वजन मात्र दोन्ही नाण्यांचं 4.85 ग्रॅमहून कमी भरतं, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नये.

संग्राहक ज्याला 'लाखी' म्हणतात त्या नाण्याने मला धडा शिकवला. पाडलेलं नाणं कधी साच्यालाच चिकटून बसतं. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूला नेहमीचा छाप उठतो आणि दुसऱ्या बाजूला, चिकटलेल्या नाण्यामुळे, तोच छाप उलटा नि खोलगट. लाखात एक म्हणून लाखी. पंचवीस वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी असा रुपया पाचशेला घेतला. पुढे सिंह, मागे उलटे खोलगट सिंह. घरी येऊन आजोबांचं भिंग लावलं, तर त्या खोलगट सिंहांच्या मधून '1' हा आकडा चेपून गेलेला दिसला. खऱ्या लाखीत तो आकडा येणारच कुठून? त्या चकतीला आकड्याचा साचा कधी शिवलेलाच नसतो. माझं नाणं चांगलं पडलेलं होतं. कुणीतरी ते दुसऱ्या नाण्याला लावून वाइसमध्ये आवळलं होतं. दाबाने पुढच्या सिंहांची आयाळही सपाट झाली होती.

दोन्हीकडे छापा असलेलं नाणं ज्यात गाजलं तो 'शोले' सिनेमा आला 1975 साली. तेव्हापासून तसली नाणी दाखवायला लोक येत राहतात. मी पाहिलेली सगळी दोन नाणी कातून एकात एक बसवलेली होती. कडेच्या आत भिंगाखाली सांधा दिसतो, आणि फरशीवर टाकलं की नाणं खणखणीत वाजत नाही, बद्द वाजतं. दहा रुपयांच्या नाण्यातली मधली चकती ठोकून काढतात आणि ती टांकसाळीत बसलीच नाही म्हणून सांगतात. छापाच्या वेळी भोक मोकळं असतं तर धातू आत सरकून कड बेढब झाली असती. ठोकून काढलेल्या नाण्यात कड सरळ राहते.

इजा झालेलं नाणं कमी मोलाचं, असं मी म्हणत नाही. आजोबांच्या थैलीत एक रुपया आहे, त्याच्या कडेला डाखाचा डाग आहे. कुणा बाईच्या गळ्यातल्या माळेत तो कडी लावून ओवलेला होता, आणि कधीतरी गरजेला ती कडी काढून पेढीवर आला. त्या डागात एका घराची अडचण आहे. त्याला टांकसाळीची चूक म्हणून विकणं म्हणजे ते घर पुसून टाकणं.

म्हणून नव्या संग्राहकांना माझं सांगणं आहे. पैसे मोजण्याआधी भिंग लावा, वजन करा आणि धातू कुठे गेला ते बघा. नाणं चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, कारण त्यावरच्या खुणाच पुरावा असतात. आणि पाकिटावर खरं तेच लिहा. माझ्या त्या पहिल्या रुपयाच्या पाकिटावर लिहिलंय: '1840, टांकसाळीतून निर्दोष. सराफाचे टोचे चार.'