जेऊरच्या माळावरचा चाळीस फुटी कॅमेरा

१/ जामखेडच्या दक्षिणेला करमाळा तालुका लागतो. त्यातील जेऊर हे रेल्वेस्थानकाचे गाव (नगरजवळचे जेऊर वेगळे). २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया या गावावरून गेली, तेव्हा तेथील माळावर ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा सज्ज होता. आज मोठ्या दुर्बिणीतून तेजोमेघ आणि दीर्घिका टिपू पाहणाऱ्या हौशी छायाचित्रकारांच्या अडचणी समजून घ्यायच्या, तर सुरुवात येथून करावी.

२/ मुंबई-पुण्यात प्लेगचे थैमान चालू होते. तशातही कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथ यांच्यासह जेऊरला आले. जपानहून तेराओ हिसाशी यांचे पथक आले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीही येथेच तळ ठोकला. कॅम्पबेल यांच्या उपकरणांवर काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक होते.

३/ एवढे लांब नाभीय अंतर कशासाठी? नाभीय अंतर वाढले की प्रतिमा त्याच प्रमाणात मोठी होते. ४० फुटांवर सूर्यबिंब सुमारे ११ सेंटीमीटरचे उमटते आणि प्रभामंडळाचे, म्हणजे करोनाचे, बारकावे उलगडतात.

४/ पण प्रतिमेबरोबर तिची हालचालही मोठी होते. पृथ्वीच्या परिवलनामुळे या कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा सेकंदाला जवळजवळ ०.९ मिलीमीटर सरकते. ४० फुटी नळी सूर्यामागे फिरवणे अशक्यप्राय. म्हणून भिंग जागीच ठेवले आणि घड्याळी यंत्रणेने काचेची प्लेट सरकवली.

५/ दुसरा शत्रू वारा. हाच कॅमेरा १८९३ मध्ये चिलीत डोंगरउतारावर टेकवला होता. जेऊरच्या सपाट माळावर भिंगासाठी मनोरा उभारावा लागला. भिंगाचा आधार आणि कापडी नळीचा आधार एकमेकांपासून अलग ठेवले, म्हणजे नळी वाऱ्याने हलली तरी भिंग हलू नये.

६/ तिसरी अडचण मंद प्रकाशाची. भिंगाचा व्यास ५ इंच, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या ९६ पट. प्रतिमा जितकी पसरते तितकी ती फिकी होते. खग्रास अवस्था होती सुमारे २ मिनिटांची. चुकले तर पुन्हा संधी नाही.

७/ त्याच दिवशी वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींच्या पथकात ॲनी माँडर होत्या. विवाहानंतर त्यांना ग्रिनिच वेधशाळेतील नोकरी सोडावी लागली होती. त्यांचे भिंग दीड इंची आणि नाभीय अंतर फक्त ९ इंच. सूर्यबिंब जेमतेम २ मिलीमीटरचे. पण प्लेटवर एकवटणारा प्रकाश जेऊरच्या तुलनेत २५६ पट तीव्र! प्रभामंडळाचा तोवर टिपला गेलेला सर्वांत लांब किरण त्या चिमुकल्या कॅमेऱ्याने पकडला.

८/ यातून कोण जिंकले? कोणीच नाही. जेऊरने सूर्यालगतचे बारकावे दिले, तळणीने दूरवरचा पसारा. प्रश्न वेगळे, म्हणून भिंगे वेगळी.

९/ आता आजचा हिशेब. २००० मिलीमीटर नाभीय अंतर आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असतील, तर दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरवली नाही तेव्हा खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एका सेकंदात सुमारे ३९ पिक्सेल सरकतो. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे ३ अंश पसरलेली. या दुर्बिणीत तिची प्रतिमा १० सेंटीमीटरहून लांब पडते आणि ३६ मिलीमीटरच्या सेन्सरवर मावतच नाही. ग्रहणाला दोन मिनिटे पुरली; दीर्घिकेला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ सारे स्थिर राहावे लागते.

१०/ म्हणून नवशिक्याने पहिला खर्च लांब नळीवर करू नये. तो भक्कम आधारावर आणि अचूक फिरणाऱ्या यंत्रणेवर करावा. आणि लहान भिंगाला कमी लेखू नये. जेऊरचा मनोरा पहिली गोष्ट सांगतो, तळणीचा कॅमेरा दुसरी. पुढच्या वेळी सोलापूरच्या गाडीतून जाताना जेऊर स्थानक आले, की खिडकीबाहेरच्या माळाकडे एकदा अवश्य पाहा.