मोटारीतील नोंदी आणि पोलिसी पाळत

इंटरनेटशी जोडलेल्या मोटारी प्रवासाचा मार्ग, वेळ, वेग यांची नोंद ठेवतात. चालकविरहित टॅक्सीचे कॅमेरे तर रस्त्यावरच्या पादचाऱ्यांनाही टिपतात. या नोंदी पोलिसांना कोणत्या अटींवर मिळाव्यात, हा वाद अमेरिकेत विशेष गाजला.

तिथे मोटारीला घराइतके संरक्षण कधीच नव्हते. १९२५ च्या कॅरोल खटल्यापासून, सबळ कारण असल्यास पोलीस वॉरंटविना मोटारीची झडती घेऊ शकतात. घर जागचे हलत नाही, मोटार निघून जाते. दारूबंदीच्या काळात, आसनात लपवलेल्या बाटल्यांवरून घडलेला हा अपवाद डॅशबोर्डमागच्या संगणकाला लावणे ओढूनताणून वाटते, कारण जोडलेल्या फोनमधील संपर्क व कॉलची यादीही त्यात राहू शकते. २०१२ च्या जोन्स खटल्यात मोटारीला जीपीएस यंत्र लावून २८ दिवस माग काढणे ही ‘झडती’च असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. मात्र निकालाचा भर यंत्र बसवण्यावर, म्हणजे मालमत्तेतील अतिक्रमणावर होता. आता यंत्र कारखान्यातूनच बसून येते! २०१८ च्या कार्पेंटर निकालाने मोबाइल टॉवरच्या दीर्घ नोंदींसाठी वॉरंट आवश्यक केले. मोटार-कंपन्यांकडील नोंदींचा प्रश्न त्यात थेट आला नव्हता.

सॅन फ्रान्सिस्को व फीनिक्स परिसरात पोलिसांनी तपासासाठी वेमो कंपनीच्या चालकविरहित टॅक्सींचे चित्रीकरण वॉरंट काढून मागवले आहे. नोंदी मुळात गोळा करणाऱ्या कंपन्यांचीही स्थिती चांगली नाही: मोझिला फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये तपासलेल्या २५ मोटार-ब्रँडपैकी एकही खासगीपणाच्या कसोटीला उतरला नाही.