टेपेवरील पांच अक्षरें

संगणकाचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा नव्या नव्या यंत्रांचीं व धनाढ्य शोधकांचीं वर्णनें करण्यांत रंगून जातात. यंत्रांत जें लिहिलें गेलें तें टिकून कसें राहिलें, हा प्रश्न त्यांस फारसा सुचत नाहीं. वस्तुतः मजकुराची दुसरी प्रत काढून ती निराळ्या जागीं ठेवणें, ज्यास आतां घरोघरीं ‘बॅकअप’ म्हणतात, त्या कामासही स्वतःचा इतिहास आहे. आणि त्याचा बराचसा भाग पांच-सहा अक्षरांत सामावलेला आहे.

अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील मरे हिल येथें बेल कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथें केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली रचली. तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मधील असून तींत ‘टॅप’ नांवाची एक आज्ञा आहे. त्या काळीं डिस्क महाग व तोकडी, म्हणून मजकूर चुंबकीय टेपेवर उतरून ठेवीत. आणि कळफलकावर आज्ञेचें नांव लिहून त्यापुढें एकेक अक्षर जोडलें, म्हणजे त्या टेपेचें काय करावयाचें हें यंत्रास कळे. पुढें ‘टॅप’ची जागा ‘टीपी’नें घेतली, व १९७९ च्या जानेवारींतील सातव्या आवृत्तींत ‘टार’ ही आज्ञा आली. तीच आजतागायत वापरांत आहे.

‘टार’चीं मुख्य अक्षरें पांच. ‘सी’ म्हणजे टेप आरंभापासून नव्यानें लिहिणें; ‘आर’ म्हणजे असलेल्या मजकुराच्या शेवटीं भर घालणें; ‘यू’ म्हणजे जें नवें किंवा बदललेलें असेल तेवढेंच जोडणें; ‘टी’ म्हणजे टेपेवर काय काय आहे त्याची यादी वाचणें; आणि ‘एक्स’ म्हणजे तें बाहेर काढणें. गंमत अशी कीं, ‘एक्स’ व ‘सी’ हीं अक्षरें कळफलकावर शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत. एकानें गेलेलें परत येतें. दुसऱ्यानें असलेलें पुसलें जातें. ‘ग्नू’ प्रकल्पाच्या ‘टार’ला कोणत्या फाईली घ्यावयाच्या हें न सांगतां कोणी ‘सी’ लिहिलें, तर रिकामा संग्रह करण्यास आपण भित्रेपणानें नकार देत आहों, असें ती कळविते. हें भित्रेपण आम्हांस शहाणपणाचेंच वाटतें.

याखेरीज ‘एफ’ हें एक अक्षर आहे. संग्रह कोठें ठेवावयाचा तें त्यानें सांगतां येतें, आणि तें ठिकाण टेपच असलें पाहिजे असें नाहीं. डिस्कवरील साधी फाईलही चालते. या एका सवलतीमुळें टेपा मागें पडल्या तरी आज्ञा मागें पडली नाहीं. त्याच सातव्या आवृत्तींत ‘डंप’ नांवाची दुसरी आज्ञा होती. तिला शून्यापासून नवापर्यंत आकडे असत. शून्य लिहिलें म्हणजे सर्वच मजकूर उतरे. मोठा आकडा लिहिला, म्हणजे त्याहून लहान आकड्याच्या शेवटच्या प्रतीनंतर जें बदललें तेवढेंच. वर्षारंभीं शिल्लक मांडून पुढें रोजकीर्द लिहीत जावी, त्यांतलाच हा प्रकार. पण ती आरंभीची शिल्लकच हरवली, तर रोजकीर्दीवरून हिशेब लागत नाहीं.

इतकी तजवीज असूनही माणसें फसतात. ३१ जानेवारी २०१७ रोजीं ‘गिटलॅब’ या कंपनीचा चालू माहितीसाठा एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून पुसला गेला. नित्याच्या प्रती शोधूं जातां त्या निघतच नव्हत्या असें आढळलें. प्रत काढणाऱ्या आज्ञेची आवृत्ति साठ्याच्या आवृत्तीशीं जुळत नव्हती, आणि अपयशाची सूचना देणारीं पत्रें कोणास पोंचत नव्हतीं. सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं काढलेली एक प्रत होती, म्हणून सुमारें सहा तासांच्या नुकसानीवर निभावलें. कंपनीनें ही हकीकत स्वतःच जाहीर केली, हें तिला भूषणावह आहे.

त्यांस हंसण्याचा आम्हांस मात्र अधिकार नाहीं. जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून आम्हीं घेतलेल्या टिपणांची प्रत आम्ही तीन वर्षें दर महिन्यास नेमानें काढीत होतों. एके दिवशीं डिस्क बिघडली, प्रत उघडली, तों तींत एका जुन्या, केव्हांच सोडून दिलेल्या फोल्डरांतील त्याच त्या दहा-पंधरा फाईली! ‘सी’ आम्हीं छत्तीस वेळां लिहिलें. ‘टी’ एकदांही लिहिलें नाहीं. त्यांतील कांहीं दप्तरें पुन्हा पाहावयास मिळालीं. कांहींचे मालक आतां हयात नाहींत, आणि कागद कोठें गेले हें त्यांच्या मुलांसही सांगतां येत नाहीं.

वाचकांच्या घरींही आज लग्नाकार्यांचीं छायाचित्रें, गेलेल्या माणसांचे आवाज, मुलांचे निबंध यंत्रांतच असतील. त्यांची प्रत आहे काय, एवढें विचारून थांबूं नये. ती शेवटची कोणीं व केव्हां उघडून पाहिली, तेंही विचारावें.