धडपडीतून घडलेली मोटारसायकल : स्क्रॅम्बलरच्या हलकेपणाचा इतिहास

१/ वर उचललेला सायलेन्सर, रुंद हँडल, अरुंद टाकी, खडबडीत खाचांचे टायर आणि एकसलग सपाट सीट. या रूपाच्या मोटारसायकलीला आज ‘स्क्रॅम्बलर’ म्हणतात. हे रूप आता शहरी आवडीचा भाग झाले आहे. परंतु यातील एकही गोष्ट मुळात शोभेसाठी जन्माला आली नव्हती. प्रत्येक भाग हे चिखलाने विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर होते. हा थ्रेड त्या प्रश्नांविषयी आहे.

२/ तारीख २९ मार्च १९२४. स्थळ इंग्लंडमधील सरे परगण्यातले कॅम्बर्ली हीथ हे झुडपी, वालुकामय माळरान. त्या काळी ब्रिटनमध्ये ‘ट्रायल’ प्रकारच्या स्पर्धा लोकप्रिय होत्या. अवघड वाटेवरून जाताना पाय जमिनीला किती वेळा टेकला, यावर त्यांत गुण कापले जात. कॅम्बर्लीच्या मोटारसायकल क्लबने हे मोजमाप बाजूला ठेवले. वाट तशीच बिकट ठेवायची आणि जो आधी पोहोचेल तो विजयी, एवढाच नियम.

३/ ही ट्रायल नव्हे, तेव्हा तिला ते नाव देता येणार नाही, अशी अडचण उभी राहिली. त्या वेळी कोणीतरी म्हणाले की काहीही म्हणा, ही एक भलतीच ‘स्क्रॅम्बल’ होणार, अशी आठवण सांगितली जाते. या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका जोड आहे : धडपड. धडपडणे म्हणजे ठेचकाळून पडणे, आणि धडपड करणे म्हणजे नेटाने प्रयत्न करीत राहणे. त्या दिवशी माळावर दोन्ही अर्थ सारखेच खरे ठरले असणार.

४/ या स्पर्धांसाठी वेगळी मोटारसायकल तेव्हा अस्तित्वातच नव्हती. लोक रस्त्यावरचीच गाडी आणत, आणि मग सुरू होई काढून टाकण्याचे काम. दिवा काढा, नंबरप्लेट काढा, जड मडगार्ड काढून पातळ बसवा. स्क्रॅम्बलरचा आराखडा कागदावर आखला गेला नाही. तो पान्याने, एकेक भाग वजा करीत तयार झाला.

५/ उरलेल्या भागांच्या जागाही गरजेने बदलल्या. सायलेन्सर खाली असला तर दगडावर आदळतो, ओढ्यात बुडतो, म्हणून तो वर गेला. मडगार्ड चाकाला खेटून असले तर मधल्या फटीत चिखल साचून चाक अडकते, म्हणून ती फट वाढली. खड्ड्यांत स्वार पेगवर उभा राहतो आणि त्याचे गुडघेच सस्पेन्शनचे काम करतात, म्हणून टाकी अरुंद झाली आणि सीट सपाट.

६/ हँडल रुंद झाले ते तरफेच्या नियमाने : हात जितके लांब, तितक्या कमी बळाने घसरणारे चाक सावरता येते. मागचे स्प्रॉकेट मोठे झाले, कारण चढावर वेगापेक्षा ओढ महत्त्वाची. पुढचे चाक मोठे झाले, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावरून सहज चढते. आणि या सर्वांच्या मुळाशी एकच तत्त्व होते : वजन कमी करा. पडलेली गाडी शेवटी स्वारालाच उचलावी लागते.

७/ हलकेपणाचे महत्त्व पटायला मात्र वेळ लागला. १९४७ साली नेदरलँड्समधील वासेनार येथे या खेळाची पहिली आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा झाली. १९५७ पासून ५०० सीसी गटाची जागतिक स्पर्धा सुरू झाली. या खेळाला युरोपात आता ‘मोटोक्रॉस’ म्हणत. मोठे इंजिन, मोठी ताकद, हाच तेथील रूढ समज होता, आणि ताकदीबरोबर वजनही आपोआप येई.

८/ हा समज दोन बाजूंनी ढासळला. १९६४ आणि १९६५ साली बीएसएच्या जेफ स्मिथने तुलनेने लहान आणि हलक्या फोरस्ट्रोक गाडीवर ५०० सीसी गटाचे विजेतेपद मिळवले. मग १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड कंपनीच्या ३६० सीसी टूस्ट्रोक गाडीवर तेच विजेतेपद जिंकले. टूस्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट असा पसारा नसतो, म्हणून ते मुळातच हलके.

९/ बीएसएने उत्तर म्हणून टायटॅनियमची चौकट बनवली. ती हलकी होती, पण शर्यतीत तडकू लागली. टायटॅनियम जोडायचे तर वेल्डिंग करताना हवेचा स्पर्श टाळावा लागतो. मैदानाच्या कडेला ते जमणारे नव्हते. वजन कमी करण्याच्या ध्यासात डागडुजीची सोय हरवली. हलकेपणा हा नुसत्या धातूचा नव्हे तर संपूर्ण रचनेचा गुण आहे, हा धडा त्यातून मिळाला.

१०/ दरम्यान अटलांटिकपलीकडे वेगळाच ग्राहक उभा राहत होता. अमेरिकेतील तरुणांना आठवडाभर कामावर जायला आणि रविवारी वाळवंटात भटकायला एकच गाडी हवी होती. ही मागणी ओळखून डुकाटीच्या अमेरिकन वितरकाने, म्हणजे बर्लिनर कंपनीने, इटलीत तगादा लावला आणि १९६२ मध्ये एक सिलिंडरची २५० सीसी डुकाटी स्क्रॅम्बलर आली. त्याच वर्षी होंडाने सीएल ७२ बाजारात उतरवली.

११/ सीएल ७२ चे इंजिन रस्त्यावरच्या सीबी ७२ चेच होते : दोन सिलिंडर, २५० सीसी. पण सीबीच्या चौकटीत इंजिनाखाली नळी नव्हती, इंजिनच भार पेलत असे. सीएलला इंजिन कवेत घेणारी पूर्ण नळ्यांची चौकट आणि खाली संरक्षक पत्रा मिळाला. चाके १८ ऐवजी १९ इंचांची झाली. सेल्फस्टार्टर वगळला, फक्त किक ठेवली. दोन्ही सायलेन्सर डाव्या बाजूने वरून गेले. तरीही वजन सुमारे १५३ किलो होते.

१२/ ही गाडी खरोखर टिकते का? हे दाखवण्यासाठी अमेरिकन होंडाने १९६२ च्या मार्चमध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर यांना मेक्सिकोत पाठवले. तिहुआनापासून ला पाझपर्यंत, बाहा द्वीपकल्पाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे १,५०० किलोमीटर. बहुतेक वाट कच्ची. पुरावा म्हणून दोन्ही गावांच्या तार कचेऱ्यांतील वेळेची नोंद वापरली गेली. एकिन्सला लागलेला वेळ : ३९ तास ५६ मिनिटे. रॉबर्टसन त्यानंतर तासाभराच्या आत पोहोचला.

१३/ जाहिरातीसाठी केलेल्या त्या प्रवासाने एक परंपरा घडवली. पुढे अनेकांनी तो विक्रम मोडण्याचा चंग बांधला आणि १९६७ मध्ये त्याच द्वीपकल्पावर ‘मेक्सिकन १०००’ ही रीतसर शर्यत सुरू झाली. तीच आजची जगप्रसिद्ध बाहा १०००. पण ज्या गाडीने ही वाट दाखवली, तिचे दिवस मात्र तोवर भरत आले होते.

१४/ १९६८ साली यामाहाची डीटी १ अमेरिकेत विक्रीस आली. एक सिलिंडर, २५० सीसी, टूस्ट्रोक, वजन ११५ किलोंच्या आत. सीएलपेक्षा जवळजवळ ४० किलोंनी हलकी. सस्पेन्शनची चालही जास्त. ही रस्त्याची गाडी सोलून केलेली रानगाडी नव्हती. ती रानासाठीच आखून रस्त्यालायक केलेली होती. विचाराची दिशाच उलटली, आणि स्क्रॅम्बलर हा शब्द सत्तरच्या दशकात हळूहळू मागे पडला.

१५/ तो परतला तो आठवणींच्या रूपाने. २००६ मध्ये ट्रायम्फने ८६५ सीसीची स्क्रॅम्बलर आणली. तिचे वजन २०० किलोंहून अधिक होते. २०१४ मध्ये डुकाटीने ८०३ सीसीची नवी स्क्रॅम्बलर सादर केली. उंच सायलेन्सर आणि रुंद हँडल परत आले. परंतु ज्या हलकेपणासाठी ते जन्मले होते, तो मात्र पूर्णांशाने परतला नाही.

१६/ या कथेचे अलीकडचे एक पान महाराष्ट्रात लिहिले गेले. २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स पुण्याजवळच्या चाकणला, बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होते. एक सिलिंडर, ३९८ सीसी, ४० पीएस शक्ती, १९ इंचांचे पुढचे चाक, १५० मिलिमीटर चालीचे सस्पेन्शन, इंजिनाखाली संरक्षक पत्रा, दिव्यापुढे जाळी. ट्रायम्फच्या ९०० आणि १२०० सीसीच्या स्क्रॅम्बलरांशी तुलना केली तर ती निश्चितच हलकी आहे. सीएल ७२ च्या शेजारी उभी केली, तर वजनदार.

१७/ या वाढीव वजनाचा दोष एकट्या रचनाकारांचा नाही. एबीएस, द्रवशीतक, धूर स्वच्छ करणारी यंत्रणा, सेल्फस्टार्टर : यांतील प्रत्येक किलोमागे सुरक्षिततेचे, कायद्याचे किंवा सोयीचे कारण आहे. १९२४ च्या स्वाराला दिवा काढून टाकता येत होता. आजच्या स्वाराला त्याच दिव्याच्या उजेडात रात्री घरी परतायचे असते.

१८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला वस्तूही कागदपत्रासारखी वाचता येते. स्क्रॅम्बलरचे रूप हा त्यातला नकललेला मजकूर : तो सहज पुढे जातो, क्वचित अर्थ हरवूनही. वजनाचा आकडा ही मात्र मूळ नोंद. पुढच्या वेळी अशी गाडी दिसली, तर सायलेन्सर किती उंच आहे एवढेच पाहू नये. ती चिखलात आडवी झाली तर एकट्या माणसाला उचलता येईल का, हा प्रश्न विचारावा. कॅम्बर्लीच्या माळावर सर्वांत आधी विचारला गेलेला प्रश्न बहुधा तोच होता.