वसईचा दगड, गोव्याची भिंत

आज आपण जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या भिंतींविषयी बोलू. पोर्तुगीजांच्या काळात 1594 साली ते बांधायला घेतलं आणि 1605 साली पूर्ण झालं. भिंती जांभ्याच्या, म्हणजे कोकणात घराला लागतो तोच चिरा. जांभा कापायला सोपा, पण त्याला भोकं फार. बारीक नक्षी त्यात उतरत नाही. म्हणून दर्शनी बाजूच्या कोरीवकामासाठी काळा दगड वसईहून आणला. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती. 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली.

जांभ्यात पाणी मुरतं, म्हणून भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. 1950 नंतरच्या काही वर्षांत, इमारत जुनी दिसावी म्हणून तो काढून टाकला. तेव्हापासून उघडा जांभा दर पावसाळ्यात भिजतो आणि झिजतो. गिलावा पुन्हा द्यावा की नाही, यावर आता वाद आहे.

आपल्या गावातही जुनं देऊळ, जुनी विहीर दुरुस्तीला निघते. तेव्हा आपण बचत गटाच्या बायकांनी ग्रामसभेत उठून एवढं विचारावं: जे काढताय, ते आधीच्या गवंड्यांनी कशासाठी लावलं होतं?