'पिंगपाँग'चा नाद

टेबल टेनिसला आपण सहज 'पिंगपाँग' म्हणतो. आपल्या 'टपटप', 'खळखळ'सारखाच हा नादावरून आलेला शब्द. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये या खेळाच्या बॅटी चौकटीवर कातडे ताणून केलेल्या, जणू छोट्या डफासारख्या असत. सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू त्यावर आपटला की 'पिंग' आणि टेबलावर पडला की 'पाँग'!

लंडनच्या 'जॉन जेक्स' कंपनीने याच नावाने खेळाचे साहित्य विकले. मात्र नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेले. ते सर्वांना मोकळेपणाने वापरता येईना. म्हणून खेळाच्या संघटनांनी 'टेबल टेनिस' हे नाव पत्करले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाचेही नाव तेच. चिनी भाषेत मात्र 'पिंगपांग'च रुजले.

पुढे नादच हरवला, आणि तोही आपल्या मुंबईत! १९५२ च्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. चेंडूचा आवाज जवळजवळ येईना. कानांनी चेंडू ओळखणारे भलेभले गोंधळले आणि सातो जगज्जेता ठरला. १९५९ मध्ये नुसत्या स्पंजवर बंदी आली. पण रबराखाली स्पंज राहिलाच. मूळचा तो नाद आता शब्दातच उरला आहे.